दशांश तीनचं अंतर

शाळेत मी आठशे मीटर धावायचो. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर मांड्यांचे दगड व्हायचे. म्हणूनच बहुधा जमैकाच्या आर्थर विंटच्या सुवर्णापेक्षा त्याची दोन रौप्यपदकं मला जवळची वाटतात.

सहा फूट चार इंचांहून उंच असा हा गडी. युद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक, मग लंडनमध्ये डॉक्टरकीचा विद्यार्थी. १९४८ ला वेम्बलीत आठशेमध्ये अमेरिकेचा मॅल व्हिटफिल्ड १:४९.२, विंट १:४९.५. तीनच दिवसांनी चारशे मीटरमध्ये ४६.२ सेकंद, जमैकाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. तेव्हा बेट अजून इंग्रजांचंच होतं. मग रिलेत पायात गोळा आला आणि तो मैदानातच कोसळला. सुवर्णपदकवाला माणूस, पण रिलेत चौघांची मेहनत वाया गेल्याचं दुःख वेगळंच असतं.

१९५२, हेलसिंकी. व्हिटफिल्ड पुन्हा १:४९.२! विंट १:४९.४. चार वर्षांत कमावले दशांश एक सेकंद. पण रिलेत विंट, लेंग, मॅकेन्ली, ऱ्होडन यांनी ३:०३.९ मध्ये अमेरिकेला हरवलं, तेही दशांश एकनेच.

पुढे तो जमैकात सर्जन झाला.