डिपरची उघडझाप
टीप १. ‘समोरून डिपर आला’ : इंदूरहून इच्छापूरकडे जाणारा रस्ता असीरगडाजवळ सातपुडा ओलांडून बऱ्हाणपुरात उतरतो आणि पुढे मुक्ताईनगरच्या बाजूने महाराष्ट्रात शिरतो. अशा घाटरस्त्यावर आपल्याकडे समोरून आलेला डिपर, म्हणजे हेडलाइटची उघडझाप, बहुधा ‘मी येतोय, तू थांब’ असा वाचायचा. इंग्लंडात तोच पुष्कळदा ‘आधी तुम्ही जा’ असा घेतात. मूळ लेखात लेखकाने एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थ वापरले आहेत, ते संदर्भाने लावावेत. लेखातल्या पुढच्या वाक्यातला ‘बोलणारा दिवा’ ही मात्र कविकल्पना नव्हे. एलईडी दिवा सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करू शकतो. डोळ्याला तो अखंड पेटलेला दिसतो, पण मागच्या गाडीतला प्रकाशग्राही त्या उघडझापीतून ‘ब्रेक दाबला’ हा निरोप उचलू शकतो. अशा संपर्काचे आयईईई ८०२.१५.७ हे मानक २०११ साली आले. अडचणी दोन. भर उन्हात हा क्षीण निरोप सूर्यप्रकाशात बुडू शकतो. आणि वळणाआडच्या गाडीचा दिवा थेट दिसतच नाही. माणसाला रात्री निदान डोंगरावर पडलेला उजेड तरी कळतो. तरी वळणाआडची गाडी दिसत नाही, म्हणूनच घाटात हॉर्न सुटत नाही. ट्रकच्या पाठीवर हॉर्न आणि डिपर अशा दोन्ही विनंत्या रंगवलेल्या असतात.