पटावरचं बळ

बेंगळुरूच्या कुठल्याही शाळेत 'स्ट्रेंथ किती?' असं विचारा, उत्तर आकड्यातच येतं. विचारणारा कन्नडिग असो, तमिळ असो की मराठी, दंडातल्या बळाची कुणालाच आठवण होत नाही.

'लाँग'चं 'लेंग्थ' झालं तसंच 'स्ट्राँग'चं 'स्ट्रेंथ'. त्याचं जर्मन भावंड 'श्ट्रेंग' अजूनही कडक, करडा याच अर्थाचं आहे. मराठीत एवढं सगळं एका शब्दात मावत नाही. दोर बळकट, चहा कडक, औषध जालीम, वारा जोराचा. त्यातला 'जोर' फारसी, आणि 'ताकद' अरबी.

बळाची मोजदाद झाली ती फौजेत. संस्कृत 'बल'लाही सैन्य हा अर्थ आहेच. इथे १८०९ साली इंग्रजांनी कॅन्टोन्मेंट वसवलं. या अर्थाला पाय रोवायला छावणीइतकी सोयीची जागा दुसरी कुठली?

त्या काळच्या ब्रिटिश पलटणींत 'ऑन द स्ट्रेंथ' असा एक वाक्प्रचार होता. वरिष्ठांच्या परवानगीनं लग्न केलेल्या शिपायांपैकी ठरावीक जणांच्याच बायका पलटणीच्या यादीत घेतल्या जात. त्यांना शिधा मिळे, बराकीत जागा मिळे. बाकीच्या 'ऑफ द स्ट्रेंथ'. लग्न खरं, मुलं खरी, पण सरकारी हिशेबात त्या नव्हत्याच. यादीतल्या बाईचाही नवरा मेला, की काही महिन्यांत शिधा बंद होई. छावणीतल्या विधवा लगोलग दुसरं लग्न का उरकत, याचं उत्तर प्रेमकथांपेक्षा शिध्याच्या वहीत सापडतं.

एका पत्राचा अनुवाद करताना मी याच वाक्प्रचारावर अडखळले. पहिल्या खर्ड्यात चक्क 'ती अशक्त होती' असं लिहून मोकळी झाले होते! मग आठवला शाळेतला 'पट': हजेरीपट, पटसंख्या. ऑक्टोबर २०११मध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावर असलेली पुष्कळ मुलं वर्गात सापडली नव्हती. अकबराच्या काळात मनसबदारांच्या घोड्यांना डाग देत, तोही असल्याच खोट्या भरतीला आळा घालायला. कागदी घोडे काही आजचे नाहीत.

शिपायाच्या बायकोचं मात्र उलटं होतं. ती छावणीत हजर होती, कागदावर नव्हती. शेवटी मी एवढंच लिहिलं: 'तिचं नाव पटावर नव्हतं.'