फ्रेंच नियमित क्रियापदे (वर्तमानकाळ)

फ्रेंच भाषेतील नियमित क्रियापदे म्हणजे ठरावीक नमुन्यानुसार पुरुष व वचनाचे प्रत्यय घेणारी क्रियापदे होत. त्यांच्या वर्तमानकाळाला फ्रेंच व्याकरणात 'प्रेझाँ द लँदिकातिफ' म्हणजे स्वार्थाचा वर्तमानकाळ असे म्हणतात. राहणे, बोलणे, काम करणे, वाट पाहणे, जेवणे अशा रोजच्या व्यवहारातील असंख्य क्रिया याच क्रियापदांनी व्यक्त होतात. त्यामुळे फ्रेंच शिकणाऱ्यास प्रारंभीच्या पाठांतच त्यांचा अभ्यास करावा लागतो. लेखनात सहा रूपे, पण उच्चारात त्यांपैकी अनेक एकसारखी, हे या काळाचे प्रमुख वैशिष्ट्य आहे.

या लेखात फ्रेंच शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. 'ज' हे अक्षर 'जर', 'जग' या शब्दांतील दंत्य उच्चाराचे आहे. 'मी' या अर्थाच्या 'झ' या सर्वनामातील ध्वनी मराठीत नाही, तो घोष 'श'सारखा असतो. प्रत्ययांचे लेखन सांगताना रोमन अक्षरांची नावे (ई, आर, एस इत्यादी) वापरली आहेत.

## वर्गीकरण

फ्रान्समधील शालेय व्याकरणात क्रियापदांचे तीन गट मानले जातात.

* पहिला गट : ज्यांच्या मूळ रूपाच्या (धातुरूपाच्या) शेवटी 'ई-आर' ही अक्षरे येतात ती क्रियापदे. उदा. पार्ले (बोलणे), आबिते (राहणे), त्रावाये (काम करणे), एकुते (ऐकणे). 'आले' (जाणे) हे क्रियापद दिसायला याच गटातील असले तरी अनियमित असल्याने तिसऱ्या गटात मोडते.
* दुसरा गट : शेवटी 'आय-आर' असणारी आणि अनेकवचनात 'इस' हा आगम घेणारी क्रियापदे. उदा. फिनिर (संपवणे), श्वाजिर (निवडणे), रेयुसिर (यशस्वी होणे).
* तिसरा गट : उरलेली सर्व क्रियापदे. यांत शेवटी 'आर-ई' असणारी वाँद्र (विकणे), आताँद्र (वाट पाहणे), रेपोंद्र (उत्तर देणे), पेर्द्र (हरवणे) यांसारखी क्रियापदेही येतात.

फ्रान्सबाहेर, विशेषतः इंग्रजी माध्यमातून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत, 'वाँद्र'सारख्या क्रियापदांना तिसरा नियमित गट मानण्याची पद्धत आहे. त्यामुळे एकच क्रियापद एका पुस्तकात नियमित आणि दुसऱ्यात अनियमित असल्याचे आढळते. हा फरक केवळ वर्गीकरणाचा असून त्याने रूपे बदलत नाहीत.

फ्रेंचमधील सुमारे नऊदशांश क्रियापदे पहिल्या गटात आहेत, तर दुसऱ्या गटात साधारण 300 क्रियापदे आहेत. नव्याने तयार होणारी क्रियापदे जवळजवळ नेहमी पहिल्या गटात जातात. 'तेलेफोने' (दूरध्वनी करणे) आणि 'गूगले' (गूगलवर शोधणे) ही त्याची उदाहरणे होत. 'आल्युनिर' (चंद्रावर उतरणे) हे विसाव्या शतकातील क्रियापद मात्र 'आतेरिर' (जमिनीवर उतरणे) याच्या धर्तीवर दुसऱ्या गटात गेले. तिसऱ्या गटात नवी भर पडत नाही. याउलट, रोज सर्वाधिक वापरली जाणारी 'एत्र' (असणे), 'आव्वार' (जवळ असणे), 'आले' (जाणे) आणि 'फेर' (करणे) ही क्रियापदे अनियमित आहेत.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्रेंच ही लॅटिनपासून निघालेली रोमान्स भाषा आहे. लॅटिनमधील 'आरे'-अंती क्रियापदांपासून फ्रेंचचा पहिला गट झाला. उदाहरणार्थ, लॅटिन 'कान्तारे'चे फ्रेंचमध्ये 'शाँते' (गाणे) झाले. लॅटिन 'वेन्देरे'पासून 'वाँद्र' आले.

दुसऱ्या गटातील 'इस' हा आगम लॅटिनमधील 'इस्क' या घटकाचा अवशेष आहे. लॅटिनमध्ये तो क्रिया सुरू होत असल्याचा किंवा हळूहळू घडत असल्याचा अर्थ देई. फ्रेंचमध्ये त्याला स्वतंत्र अर्थ उरला नाही. तरीही या गटात विशेषणांपासून बनलेली आणि 'तसे होणे' असा अर्थ असलेली क्रियापदे बरीच आहेत. उदा. ग्राँदिर (मोठे होणे), रुझिर (लाल होणे), वियेयिर (म्हातारे होणे), मेग्रिर (रोडावणे), रालाँतिर (मंदावणे). मराठीत 'मंद'पासून 'मंदावणे', 'सैल'पासून 'सैलावणे' बनते, त्याच प्रकारची ही घडण आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये शब्दांती असलेले प्रत्यय बऱ्याच अंशी उच्चारले जात. पुढील शतकांत ते उच्चारातून गळाले, परंतु लेखनात टिकून राहिले. आजच्या लेखन-उच्चार तफावतीचे हे मुख्य कारण आहे.

## रूपे

रूपसिद्धीसाठी मूळ रूपाचा अंत्य भाग काढून उरलेल्या अंगाला प्रत्यय लावतात.

| पुरुष व वचन | पार्ले (बोलणे) | फिनिर (संपवणे) | वाँद्र (विकणे) |
|---|---|---|---|
| मी | झ पार्ल | झ फिनी | झ वाँ |
| तू | त्यू पार्ल | त्यू फिनी | त्यू वाँ |
| तो / ती | इल / एल पार्ल | इल / एल फिनी | इल / एल वाँ |
| आम्ही, आपण | नू पार्लों | नू फिनिसों | नू वाँदों |
| तुम्ही | वू पार्ले | वू फिनिसे | वू वाँदे |
| ते / त्या | इल / एल पार्ल | इल / एल फिनिस | इल / एल वाँद |

पहिल्या गटाचे लेखी प्रत्यय अनुक्रमे 'ई', 'ई-एस', 'ई', 'ओ-एन-एस', 'ई-झेड' आणि 'ई-एन-टी' असे आहेत. दुसऱ्या गटात एकवचनी रूपांच्या शेवटी 'आय-एस', 'आय-एस', 'आय-टी' येतात. अनेकवचनात 'इस' आगमानंतर पहिल्या गटाचेच अनेकवचनी प्रत्यय लागतात. 'वाँद्र' प्रकारात 'मी' व 'तू' यांच्या रूपांना 'एस' लागतो, 'तो/ती'च्या रूपाला काहीही लागत नाही आणि अनेकवचनाचे प्रत्यय तेच राहतात. म्हणजे 'आम्ही', 'तुम्ही' व 'ते' यांचे प्रत्यय तिन्ही प्रकारांत समान आहेत, भेद मुख्यतः एकवचनात आहे.

'नू' सर्वनामाच्या रूपातील अंग पुढेही उपयोगी पडते. त्यातून 'ओं' काढल्यावर उरणाऱ्या अंगावरून अपूर्ण भूतकाळाची रूपे बनतात. याला केवळ 'एत्र' अपवाद आहे.

### लेखनात बदल होणारी क्रियापदे

पहिल्या गटातील काही क्रियापदे नियमित असूनही उच्चार टिकवण्यासाठी लेखनात बदल करतात. 'माँझे' (खाणे) याच्या 'नू माँझों' या रूपात 'जी'नंतर एक मूक 'ई' लिहितात, अन्यथा 'जी'चा उच्चार 'ग' होईल. 'कोमाँसे' (सुरू करणे) याच्या 'नू कोमाँसों' या रूपात 'सी'खाली सेदी नावाचे चिन्ह देतात, अन्यथा त्याचा उच्चार 'क' होईल. 'आश्ते' (विकत घेणे) याचे 'झाशेत' आणि 'लवे' (उचलणे) याचे 'झ लेव' होताना स्वरावर उतरते आघातचिन्ह येते. 'आप्ले' (बोलावणे) याच्या 'झापेल' या रूपात मात्र 'एल' दोनदा लिहितात.

6 डिसेंबर 1990 रोजी फ्रान्सच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या लेखनसुधारणांनुसार या प्रकारच्या बहुतेक क्रियापदांत अक्षर दुप्पट करण्याऐवजी आघातचिन्ह वापरण्याची शिफारस झाली. 'आप्ले', 'झते' (फेकणे) व त्यांपासून बनलेली क्रियापदे तिच्यातून वगळण्यात आली. जुने लेखनही अशुद्ध मानले जात नाही.

## उच्चार आणि लेखन यांतील तफावत

पहिल्या गटातील क्रियापदाची लेखनातील पाच वेगळी रूपे उच्चारात तीनच उरतात: पार्ल, पार्लों आणि पार्ले. बोलीत 'नू'ऐवजी बहुधा 'ओं' हे सर्वनाम वापरले जाते आणि त्याला तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापद लागते ('ओं पार्ल'). त्यामुळे प्रत्यक्ष संभाषणात अनेकदा दोनच रूपे ऐकू येतात.

याचा एक परिणाम असा की फ्रेंचमध्ये कर्ता गाळता येत नाही. मराठीत 'बोलतोस' एवढ्यावरून कर्ता 'तू' असल्याचे कळते. फ्रेंचमध्ये नुसत्या 'पार्ल'वरून कर्ता कोणता हे कळू शकत नाही, म्हणून सर्वनाम अनिवार्य ठरते.

दुसरा परिणाम वचनाबाबतचा आहे. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' ही दोन्ही वाक्ये 'इल पार्ल' अशीच ऐकू येतात. स्वराने सुरू होणाऱ्या क्रियापदांत मात्र संधीमुळे भेद स्पष्ट होतो: 'इलाबित' म्हणजे तो राहतो, तर 'इलजाबित' म्हणजे ते राहतात. दुसऱ्या गटात (फिनी – फिनिस) व 'वाँद्र' प्रकारात (वाँ – वाँद) अंत्य व्यंजनावरून अनेकवचन ओळखता येते.

'पार्ले' हा एकच उच्चार मूळ रूप, 'तुम्ही'चे रूप आणि भूतकालवाचक कृदन्त या तिन्हींचा असतो, लेखन मात्र वेगवेगळे असते. ही चूक परदेशी विद्यार्थ्यांइतकीच फ्रेंच मुलांकडूनही होते. श्रुतलेखनात ती टाळण्यासाठी शाळांत एक युक्ती शिकवली जाते. शंका असलेल्या जागी 'वाँद्र'सारखे क्रियापद ठेवून पाहावे. 'वाँद्र' बसल्यास मूळ रूप, 'वाँदे' बसल्यास 'तुम्ही'चे रूप आणि 'वाँद्यू' बसल्यास कृदन्त लिहावे.

अनेकवचनी प्रत्ययातील 'ई-एन-टी' ही अक्षरे क्रियापदात मूक असतात. नामे, विशेषणे व क्रियाविशेषणे यांच्या शेवटी हीच अक्षरे सहसा 'आँ' अशी उच्चारली जातात. नवशिके वाचक क्रियापदांतही 'आँ' उच्चारण्याची चूक वारंवार करतात.

## उपयोग

फ्रेंच वर्तमानकाळ पुढील अर्थांनी वापरला जातो.

* चालू क्रिया व सवय : 'झ त्रावाय' याचा अर्थ संदर्भानुसार 'मी काम करतो' किंवा 'मी काम करत आहे' असा होतो. मराठीतील साधा व अपूर्ण वर्तमानकाळ हा भेद फ्रेंच क्रियारूपात नाही. क्रिया चालू असल्यावर भर द्यायचा असल्यास 'एत्र आँ त्रँ द' ही रचना करतात.
* सार्वत्रिक सत्य.
* नजीकचे भविष्य : 'झारीव दमँ' (मी उद्या पोहोचतो). मराठीतही असा प्रयोग रूढ आहे.
* भूतकाळात सुरू होऊन अद्याप चालू असलेली क्रिया : 'झाबित आ पारी द्प्वी सँकाँ' (मी पाच वर्षांपासून पॅरिसमध्ये राहतो). इंग्रजीत येथे पूर्ण काळ लागतो, परंतु मराठी व फ्रेंच दोन्हींत वर्तमानकाळच येतो. इंग्रजीच्या आधारे फ्रेंच शिकणारे मराठी भाषक येथे नाहक चुकतात.

## दिनचर्येचे वर्णन

दैनंदिन जीवनाच्या वर्णनात कर्मकर्तरी सर्वनामासह येणारी, म्हणजे आत्मवाचक, क्रियापदे विपुल असतात. 'स लवे' (उठणे), 'स लावे' (अंग धुणे), 'साबिये' (कपडे घालणे) आणि 'स कुशे' (झोपायला जाणे) ही पहिल्या गटातील आत्मवाचक क्रियापदे आहेत. त्यांतील 'स' हे सर्वनाम कर्त्यानुसार बदलते आणि क्रियापदापूर्वी येते: झ म लेव, त्यू त लेव, इल स लेव, नू नू लवों, वू वू लवे, इल स लेव.

केवळ नियमित क्रियापदे वापरून दिवसाचे वर्णन असे करता येते:

* झ म लेव आ सेतर. – मी सात वाजता उठतो/उठते.
* झ प्रेपार ल काफे. – मी कॉफी तयार करतो/करते.
* झाताँ लोतोब्यूस. – मी बसची वाट पाहतो/पाहते.
* नू देझनों आँसाँब्ल. – आम्ही एकत्र जेवतो.
* झ फिनी मों त्रावाय आ सीजर. – मी सहा वाजता काम संपवतो/संपवते.
* ल स्वार, झेकूत ला राद्यो. – संध्याकाळी मी रेडिओ ऐकतो/ऐकते.
* झ म कूश आ ओंजर. – मी अकरा वाजता झोपायला जातो/जाते.

'आताँद्र' व 'एकुते' या क्रियापदांना थेट कर्म लागते, मध्ये शब्दयोगी अव्यय येत नाही. 'देझने'चा अर्थ फ्रान्समध्ये दुपारचे जेवण असा आहे. बेल्जियम, स्वित्झर्लंड व क्वेबेक येथे मात्र तो सकाळची न्याहारी असा होतो आणि दुपारच्या जेवणासाठी 'दीने' हा शब्द येतो.

नकारासाठी क्रियापदाच्या आधी 'न' व नंतर 'पा' येतो: 'झ न त्रावाय पा' (मी काम करत नाही). बोलीत 'न' पुष्कळदा गळतो. प्रश्न विचारण्यासाठी केवळ स्वर चढवतात, वाक्याआधी 'एस क' लावतात किंवा कर्ता व क्रियापद यांची अदलाबदल करतात.

दिनचर्येत लागणारी 'दोर्मिर' (झोपणे), 'पार्तिर' (निघणे) व 'सोर्तिर' (बाहेर पडणे) ही क्रियापदे 'फिनिर'सारखी दिसली तरी 'इस' आगम घेत नाहीत. 'प्राँद्र' (घेणे) हेही 'वाँद्र'प्रमाणे चालत नाही. 'उव्रिर' (उघडणे) तर पहिल्या गटाचे प्रत्यय घेते. म्हणून केवळ मूळ रूपाच्या शेवटावरून गट ठरवणे सुरक्षित नसते.

## मराठीशी तुलना

मराठी वर्तमानकाळात एकवचनी क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवते (बोलतो, बोलते). फ्रेंचमध्ये 'झ पार्ल' हे रूप स्त्री-पुरुष दोघांसाठी समान आहे. 'त्यू' व 'वू' यांतील भेद मराठीतील 'तू' व 'तुम्ही' यांच्याशी बराचसा जुळतो. 'वू' एका व्यक्तीसाठी आदरार्थी वापरले तरी क्रियापद अनेकवचनीच राहते. 'ओं' या सर्वनामाचा वापर मराठीतील 'आपण'ची आठवण करून देणारा आहे, कारण दोन्ही शब्द 'आम्ही-तुम्ही मिळून' आणि 'कोणीही, सर्वसाधारणपणे' अशा दोन्ही अर्थांनी येतात.

## अध्यापन

युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक सामायिक युरोपीय संदर्भ आराखड्यात ए-1 या पहिल्या पातळीवर स्वतःची ओळख करून देणे, राहण्याचे ठिकाण व परिचित व्यक्ती यांविषयी सोपी वाक्ये वापरणे अपेक्षित आहे. त्यामुळे नियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ याच पातळीवर शिकवला जातो. महाराष्ट्रात काही शाळा-महाविद्यालयांत, मुंबई व पुणे येथील विद्यापीठांत आणि आलियाँस फ्राँसेज या संस्थेच्या केंद्रांत फ्रेंचचे अध्यापन होते. मॉरिशसमधील मराठी समाजाचा फ्रेंचशी संबंध अधिक जवळचा आहे. तेथे शाळांत फ्रेंच शिकवली जाते आणि बहुसंख्य लोक बोलतात ती मॉरिशियन क्रिओल भाषा फ्रेंचपासूनच घडलेली आहे.

## हे सुद्धा पहा

* फ्रेंच भाषा
* रोमान्स भाषासमूह
* क्रियापद
* मराठी व्याकरण