कापूस आधी गेला, बाई मागून गेली

आजकाल आपल्या तालुक्यातलीही लेकरं नोकरीसाठी परदेशात जातात. मग आईवडील किंवा नवी जोडी तिकडे फिरायला जाते आणि फोनवर फोटो येतात. लंडनचा घड्याळाचा मनोरा, नदीवरचा पूल, पुढे दोघं उभे, तिच्या अंगात स्वेटरवरून नेसलेली साडी. बैठकीत असा फोटो हातोहात फिरतो. कोणी म्हणते, "भाग्याची आहे व माय." कोणी म्हणते, "एवढ्या दूर कायले जा लागते?" आम्हाला मात्र प्रश्न पडला की मराठी नवराबायकोने मिळून असं शहर पाहणं सुरू कधी झालं? शोधायला बसलो, वाचत गेलो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात आपल्याच रुळापासून करू. मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली. आपल्या गावाच्या नावाला 'रेल्वे' हा शब्द चिकटला तो याच मार्गामुळे, नाहीतर चांदूर बाजार आणि आपलं चांदूर यांत घोळच झाला असता. हा मार्ग इंग्रजांनी आपल्याला माहेरी जाता यावं म्हणून टाकला नव्हता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. इथल्या गाठी मुंबईला आणि तिथून बोटीने इंग्लंडला जाऊ लागल्या. तो कापूस निंदणाऱ्या, वेचणाऱ्या बाया आपल्याच आज्या-पणज्या होत्या. त्यांच्या हातचं बोंड विलायत पाहून आलं, त्यांनी मात्र बडनेरा तरी पाहिलं असेल की नाही, कोण जाणे.

बाई गेली ती पुष्कळ नंतर. आनंदीबाई जोशी यांचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. 1883 साली त्या नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेला गेल्या आणि मार्च 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. गोपाळराव नंतर तिकडे पोचले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दोघं मिळून परत निघाले, ते इंग्लंडवरून. म्हणजे एक शिकलेली मराठी जोडी त्या काळी लंडनच्या वाटेवर होती. पण क्षयाने पोखरलेल्या बाईला कसलं शहर आणि कसला पूल! नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. वय बावीससुद्धा पुरं नव्हतं. विद्या होती, जिद्द होती, नवरा सोबत होता. शरीर साथ देत नव्हतं.

त्याच 1887 साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड पहिल्यांदा युरोपला गेले, सोबत महाराणी चिमणाबाई. त्यांना पैशाची कमी नव्हती आणि नोकरचाकरही होते. पण बडोद्याच्या राजघराण्यात पडदा होता. राणी झाली तरी चारचौघांत मोकळ्या तोंडाने हिंडायची मुभा नव्हती. पुढे या जोडीने अनेकदा परदेशवारी केली. हळूहळू चिमणाबाईंनी पडदा सोडला. युरोपात, अमेरिकेत बाया कोणते उद्योग करतात, त्यांच्या संस्था कशा चालतात, याकडे त्यांनी लक्ष दिलं. 1911 साली एस. एम. मित्र यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक काढलं. परदेशातल्या बायांच्या कामातून आपल्याकडे काय घेता येईल, हा त्याचा रोख. आणि 1927 च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्ष चिमणाबाईच होत्या. पाहिलेलं फुकट गेलं नाही.

आता आपल्या जवळचं नाव. नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांचं 'आमचा जगाचा प्रवास' हे पुस्तक 1915 सालचं. त्या काळी बाईने नवऱ्याचं नाव घेणंसुद्धा अवघड, आणि ही विदर्भातली बाई जग पाहून आल्यावर स्वतःच्या नावाने पुस्तक लिहिते! त्यातला 'आमचा' हा शब्द आम्हाला फार आवडला. बचत गटात आपण तरी दुसरं काय म्हणतो? आमची बचत, आमचं कर्ज, आमची परतफेड.

आणखी एक जोडी तुम्हाला नक्की ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते, म्हणजे आपल्या या रेडिओच्याच भाऊबंदातले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांना प्रशिक्षणासाठी लंडनला, बीबीसीकडे पाठवलं. सुनीताबाई सोबत होत्या. लंडनशिवाय दोघं फ्रान्स, जर्मनीही हिंडले. त्या प्रवासाचं 'अपूर्वाई' 1960 साली आलं आणि आम्हा अनेकींनी पॅरिस आधी त्याच पुस्तकात पाहिलं. नवराबायको मिळून शहर पाहतात, चुकतात, हसतात, ही गोष्ट मराठी घरांना त्या पुस्तकाने ओळखीची करून दिली. पण तिथे बोलणारा आवाज पुलंचा आहे. सुनीताबाईंचं स्वतःच्या आयुष्याविषयीचं 'आहे मनोहर तरी' 1990 साली आलं, तब्बल तीस वर्षांनी. तेव्हा लोकांना कळलं की या बाईची नजर किती धारदार आहे.

मैत्रिणींनो, हे सगळं सांगायचं कारण लंडन नाही. शहर तेच असलं तरी ते कोणाच्या वाट्याला किती येतं, हे बाईच्या बाबतीत पुष्कळ गोष्टींवर ठरतं. एकीची तब्येत आडवी आली, एकीच्या तोंडावर पडदा होता. एकीने आपलं पाहणं आपण लिहिलं, एकीचं म्हणणं लोकांपर्यंत उशिरा पोचलं.

आपले अभ्यास दौरे आठवा. दाल मिल पाहायला, शेळीपालन पाहायला, प्रदर्शनाला आपण जातो. निघायच्या आधी घरी विचारावं लागतं, पोळ्या करून ठेवाव्या लागतात, कोणाची सासू तोंड वाकडं करते. इतकं करून बाई जाते. परत आल्यावर इतिवृत्त कोण लिहितं? बहुतेक वेळा गटातली एकच शिकलेली पोरगी, नाहीतर आम्ही. एका गावच्या ताईने आम्हाला सरळ सांगितलं, "मॅडम, पाह्यलं तर म्या, पण वहीत तुमचंच लिवलं हाय." तिचं म्हणणं खरं होतं.

तेव्हापासून आमच्या गटांमध्ये एक रीत घातली आहे. दौऱ्यावरून आल्यावर प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या: काय पाहिलं, ते किती पैशांत होतं, आणि आपल्याला त्यातलं काय जमेल. जिला लिहिता येत नाही तिने बोलायचं, दुसरीने तिच्याच शब्दांत उतरवायचं, वऱ्हाडी तर वऱ्हाडी. खाली नाव तिचं, अंगठा असेल तर अंगठा. दौरा अमरावतीचा असो की लंडनचा, घरधनी सोबत असो की नसो, ही रीत तुम्हीही घालून पाहा.

वऱ्हाडाचा कापूस दीडशे वर्षांपूर्वी विलायतेला गेला. त्याचं वजन लिहिलं गेलं, भाव लिहिला गेला. वेचणारीचं नाव कुठल्याच वहीत नाही. आपल्या गटाच्या वहीत ते असू द्या.