आत्याचं बळद

किल्लारीकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, चांगल्या दीड-दोन हात रुंद. वर लाकडी माळवद, त्यावर मातीचा जाड थर. औसा तालुक्यात आत्याचं सासर. तिथं भिंतीतच बळद, म्हणजे धान्याची कोठी, होतं. खालचा बोळा काढला की जोंधळा सळसळत सुपात यायचा. तेल-मीठ, बांगड्या, लेकरांची पाटी, सगळं त्या मूठ-पायलीवर भागायचं. येळवसेची, म्हणजे वेळ अमावस्येची, आंबीलसुद्धा. "बाईची सत्ता बोळ्यावर," आत्या म्हणायची.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं निजली होती. पहाटे 3.56ला जमीन हादरली आणि त्याच रुंद भिंतींखाली हजारो माणसं गेली. किल्लारीत आत्याचं माहेरचं गोत होतं. त्याबद्दल ती फार बोलायची नाही. तिचं घर उभं राहिलं, पण बळदाची भिंत बसली. सांडलेला जोंधळा मातीतून निवडायला किती दिवस लागले? कधी आठ म्हणायची, कधी महिना.

किल्लारीसारखी 52 गावं नव्या जागी वसली. सरळ रांगांतली घरं मिळाली, पण गोठा कुठं, धान्य कुठं, असं बायका विचारत राहिल्या. आणि त्यांचं विचारणं रास्तच होतं.

जिथं जुनीच घरं दुरुस्त करायची होती, तिथं प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'च्या पुढाकारानं गावातल्याच बायका 'संवाद सहायक' झाल्या. आत्याही त्यांच्यात गेली. अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, हे ती दारोदार समजावायची. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारा आरपार दगड बसवलाय का, हे गवंड्याला पदर खोचून विचारायची. तो चिडायचा, पण दगड बसायचा.

पुढं त्याच बायकांचे बचतगट झाले. महिन्याची वर्गणी पाच रुपये की दहा, मला नक्की आठवत नाही. पण पहिल्या कर्जातून घेतलेली शेळी आठवते, आणि वहीवर अंगठ्याऐवजी आत्यानं केलेली वाकडीतिकडी सही. मला विचाराल तर मदतीच्या पैशानं भिंती उभ्या केल्या, गावचा संसार या वह्यांनी उभा केला.

2001मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा या भागातल्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला, घरबांधणीचा अनुभव सांगायला गुजरातला गेल्या. तुमच्याकडे अशा कुणा आजी-आत्याची जुनी वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका.