वियोगचिंता, मातेची

वियोगचिंता, मातेची : तान्ह्या बाळापासून दूर असताना नव्या आईला लागणारी काळजी, हुरहुर व अपराधीपणाची टोचणी. ती बहुतेक आयांना कमीअधिक जाणवते. मात्र झोप उडाली, काम सुचेनासे झाले आणि असे आठवडेच्या आठवडे चालले, तर प्रसूतीनंतरच्या नैराश्याची तपासणी करून घ्यावी लागते.

डोंबिवलीसारख्या चाकरमान्यांच्या शहरात ही चिंता लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला जलद लोकललाही तासाहून अधिक लागतो. गाडी रखडली की बाळ पाळणाघरात आणि आई मुंब्र्याला अडकलेली. लेडीज डब्यात परके मूल रडले, तरी पान्हा फुटून ओढणी सावरावी लागते. पान्हा फुटणे ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया होय.

२०१७ च्या कायदेदुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर व तेथे दिवसातून चार भेटींची मुभा सक्तीची ठरली. पण सकाळच्या गर्दीतून तान्हे मुंबईला नेणार कोण? घरच्या तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीची आख्यायिका याच ओढीची. महाराष्ट्रातील स्तनपानासाठीच्या ‘हिरकणी कक्षां’ना तिचेच नाव आहे.