पोवळ्याच्या कांडीपासून टीदरपर्यंत

सहा महिन्यांच्या बाळाच्या हाती काहीही लागो, ते आधी तोंडात जातं. चादरीचं टोक, आईचं मंगळसूत्र, बाबांच्या चष्म्याची काडी. लाळेरं तासाभरात ओलंचिंब होतं. खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं की आत दडलेल्या दाताची धार लागते आणि बाळ ते बोटच धरून ठेवतं. दाबलं की हिरडीची शिवशिव जरा शमते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. दुकानात ‘टीदर’ मागितला की जी रंगीत कडी हाती येते, तिचं सारं कुळ या एवढ्याशा गरजेतून निघालं आहे.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे पोवळं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं लहान मुलांच्या अंगावर पोवळ्याची फांदी बांधण्याची चाल नोंदवून ठेवली आहे. ती संरक्षणासाठी, म्हणजे आपल्याकडच्या ताइतासारखी. दात येतानाचा त्रास टळावा म्हणून लांडग्याचा दात बांधण्याची नोंदही त्याच्याच ग्रंथात सापडते. भारतात पोवळ्याला केवढा मान आहे, हेही तो सांगतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा प्लिनी गेला. त्याच ज्वालामुखीच्या पायथ्याशी, तोर्रे देल ग्रेको या गावी, पुढे पोवळं घडवणाऱ्या कारागिरांची मोठी पेठ वसली.

गळ्यात बांधलेली वस्तू बाळ तोंडात घालणारच. ताईत तोंडात गेला आणि कामाचा निघाला, असं मानायला हरकत नाही. पोवळं कठीण असतं, हाताला गार लागतं आणि घासलं की छान गुळगुळीत होतं. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या सधन घरांत बाळाला चांदीचा खुळखुळा भेट देत. एका टोकाला पोवळ्याची कांडी, मध्ये घुंगरं, दुसऱ्या टोकाला शिट्टी. त्या काळच्या चित्रांत मुलांच्या कमरेला फितीनं बांधलेले असे खुळखुळे दिसतात. साध्या घरांत हाड किंवा लाकूड चाले. आजच्या नजरेनं पाहिलं तर त्या सुंदर वस्तूत धोके बरेच होते. कांडी घशापर्यंत जाईल इतकी बारीक, आणि घुंगरू कधी निखळेल याचा नेम नाही.

पण खरं नुकसान चघळण्याच्या वस्तूंनी केलं नाही. ते केलं दातांच्या भीतीनं.

लंडनमध्ये मृत्यूंच्या छापील याद्या निघत. १६६५ सालच्या यादीत ‘दात आणि जंत’ या एकाच कारणाखाली २,६१४ मृत्यू आहेत. बाळं जुलाबानं, तापानं जात होती. ती ज्या वयात जात त्याच वयात दात येतात, म्हणून दोष दातांवर आला. आपल्याकडे आयुर्वेदाचार्य वाग्भटानंही ‘अष्टांगहृदया’त दात येणं हे सगळ्या रोगांचं कारण सांगितलं. मात्र पुढे त्यानं एक फार शहाणपणाची गोष्ट लिहिली आहे: या काळातल्या तक्रारींसाठी बाळावर फार निर्बंध घालू नयेत, दात बाहेर आले की त्या आपोआप शमतात. युरोपात तेवढा धीर नव्हता. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद अँब्रोज पारे यानं आठ महिन्यांच्या एका मृत बाळाच्या हिरड्या चिरून पाहिल्या. आत दात तयार दिसले. वेळीच चीर दिली असती तर मूल वाचलं असतं, असं त्यानं ठरवलं आणि पुढची तीनेकशे वर्षं डॉक्टर बाळांच्या हिरड्या चिरत राहिले.

मग पुड्या आल्या. ‘दातांची पावडर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या पुड्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, असे. काही बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सुजत, कातडी सोलवटून निघे, उजेड सहन होत नसे. ज्या दातांसाठी पुडी दिली, ते दातही कधी गळून पडत. याला ‘पिंक डिसीज’ म्हणत आणि कारण कुणालाच कळत नव्हतं. सिनसिनाटीच्या जोसेफ वारकानी आणि डोनाल्ड हबर्ड यांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला. १९४८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पुड्यांतून पारा गेला आणि आजारही जवळजवळ नाहीसा झाला. इतकी वर्षं आया प्रेमानं, नेमानं ती पुडी बाळाच्या जिभेवर ठेवत होत्या, हे वाचताना आजही पोटात कालवतं.

इकडे चघळायच्या वस्तूही बदलत होत्या. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये रबराच्या चिकापासून ‘सोफी’ नावाचा खेळण्यातला जिराफ तयार झाला. लांब मान आणि बारीक पाय बाळाच्या मुठीत नेमके बसत. पुढे स्वस्त, मऊ प्लॅस्टिक आलं. ते मऊ ठेवणारी थॅलेट रसायनं लाळेत उतरतात म्हणून युरोपीय संघानं १९९९ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या चघळायच्या खेळण्यांत त्यांतल्या सहा रसायनांवर बंदी घातली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

चिन्ह पाहिलं तरी वस्तू हातात घेऊन पाहावी. कडी अखंड, एकसंध हवी. मणी, चिकटवलेले डोळे, सुटेल असा सांधा नको. आत द्रव भरलेली तर नकोच, दाताची धार लागली की ती फुटते. पोकळ आणि भोक असलेल्या खेळण्यात पाणी शिरून बुरशी धरते, त्यामुळे ते बुडवून न धुता ओल्या फडक्यानं पुसावं. कडी फ्रिजमध्ये गार करावी, फ्रीझरमध्ये मात्र दगडासारखी होते आणि हिरडीला इजा करते. गळ्यात काही बांधू नये. अंबराच्या माळेनं फास बसून दीड वर्षाचं एक मूल गेल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये तसा इशारा दिला. हिरडी बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या जेलविरुद्धही त्यांनी त्याच वर्षी बजावलं.

मराठी घरांत खारीक चघळायला देण्याची रीत आहे. दिसायला ती अगदी निरुपद्रवी. पण लाळेनं भिजून मऊ झाली की गराचा तुकडा सुटतो आणि घशात अडकू शकतो. टाकणखाराची लाही मधात खलून हिरड्यांना लावणंही थांबवायला हवं. टाकणखार बाळाला विषारी ठरतो आणि मधातल्या जिवाणूंमुळे वर्षाखालच्या बाळाला लुळेपणाचा गंभीर आजार होऊ शकतो. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला, जुलाब लागले, तर ‘दात येतायत’ म्हणून वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.

नुसती शिवशिव असेल तर स्वच्छ धुतलेला सुती पंचा ओला करून, पिळून, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा. मग बाळाला मांडीवर घेऊन त्याचं एक टोक त्याच्या हातात द्यायचं आणि दुसरं आपल्या मुठीत धरायचं. ते कपडा जबड्यात धरून ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं आणि थोड्या वेळानं रडं विसरतं.